घरोटाच्या पाटीवर बाईचं नाव लिहा : खानदेशातल्या संग्रहालयांना खुलं पत्र

प्रति,
मा. विश्वस्त, अभिरक्षक, सल्लागार समितीतली मंडळी आणि नव्या संग्रहालयांचे आराखडे करणारे अधिकारी,
जळगाव, धुळे, नंदुरबार

स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुट्टीत मी मायला आणि माझ्या मुलीला घेऊन आपल्याच भागातल्या एका संग्रहालयात गेले होते. कुठलं ते लिहीत नाही, कारण हे पत्र एकट्या त्या संग्रहालयासाठी नाही, तुम्हा सगळ्यांसाठी आहे. तलवारी बघितल्या, नाणी बघितली, ताम्रपट, पगड्या, देवळांच्या तुटक्या मूर्ती, सगळं नीट काचेत, वर लाइट, खाली माहिती. आणि शेवटी जिन्याखाली एका कोपऱ्यात एक जातं, एक पाटा वरवंटा आणि दोन पितळी घागरी. मायचं वय ७४, गुडघे गेलेत, तरी ती तिथे खाली बसली आणि म्हणाली, "हाई ते घरोट शे, आठे कसं काय उनं?" (आमच्या अहिराणीत जात्याला घरोट म्हणतात; हे इथे कसं आलं, असं ती विचारत होती.) आणि दगडावर हात फिरवायला लागली तेवढ्यात तिथले वॉचमन दादा म्हणाले, आजी हात लावू नका.

त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांना तसंच सांगितलेलं असणार. पण पाच मिनिटांत मायने त्या जात्याबद्दल जे सांगितलं ते पाटीवर कुठेच नव्हतं. पाटीवर होतं "दगडी जाते", एक शतक, आणि "श्री. अमुक यांजकडून भेट". मायने सांगितलं की याचा खुंटा गायब आहे. वरची तळी कशी बसते ते तिने हाताने करून दाखवलं. आणि मुख्य म्हणजे तिने सांगितलं की हे पिठाचं घरोट नाहीच, हे डाळ भरडायचं आहे, कारण दगड हलका आहे आणि टाकीचे घाव मोठे आणि लांब लांब आहेत, यावर ज्वारी दळली तर भाकरी थापताच येणार नाही. दहाव्या वर्षापासून दळायला बसलेली बाई सांगत होती हे. माझी मुलगी तिच्याकडे बघत राहिली. आणि मला वाटलं की आज या अख्ख्या इमारतीत या वस्तूबद्दल सगळ्यात जास्त माहिती असलेलं माणूस हे आहे, आणि आपण तिला म्हणतोय लांब उभ्या राहा.

म्हणून हे पत्र.

माझं पहिलं म्हणणं त्या भेट देणाऱ्याच्या नावाबद्दल. नातू किंवा पणतू वाडा पाडताना घरोट आणून देतो, त्याचं नाव पाटीवर येतं, चांगलंच आहे, त्याने भंगारात घातलं नाही हे उपकार. पण त्या घरोटावर पन्नास वर्षं जी बाई पहाटे चारला उठून बसली तिचं नाव रजिस्टरमध्ये का नाही? तलवारीखाली तर आपण लिहितो ती कोणत्या सरदाराची. आता तर सरकारने पण १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर आईचं नाव सक्तीचं केलंय. आपल्या आज्या पणज्यांना ते कधी मिळालं नाही, सातबाऱ्यावर त्या नव्हत्या, आणि लग्नात तर नाव पण बदललं जायचं, माहेरी एक आणि सासरी दुसरं. माझ्या आजीचं माहेरचं नाव मला ती गेल्यावर कळलं, तेराव्याला तिच्या माहेरची एक म्हातारी त्या नावाने रडत होती म्हणून. आजीची दोन्ही नावं मी इथे लिहीत नाही. ती मला तुमच्या पाटीवर हवी आहेत.

दुसरं म्हणजे काय टिकतं आणि काय टिकत नाही याचा विचार करा. संग्रहालयात जे दिसतं ते बहुतेक दगडाचं, पितळेचं, चांदीचं, लोखंडाचं. ते टिकतं म्हणून दिसतं. बाईच्या हातातलं निम्म्याहून जास्त सामान मातीचं, बांबूचं नाहीतर कापडाचं. लुगड्याचंच बघा. नवं लुगडं लग्नकार्यात, मग ते रोजचं, मग शेतातलं, मग विरलं की त्याची गोधडी, नाहीतर बाळाची दुपटी, मग गोधडी फाटली की पोतेरं, आणि पोतेरं शेवटी चुलीत. जरा बरं असलेलं बोहारणीला जायचं आणि त्याच्या बदल्यात एक स्टीलचा डबा यायचा. पितळी भांडी मोडीत गेली आणि त्यांच्या जागी स्टील आलं. म्हणजे जी वस्तू बाईने सगळ्यात जास्त वापरली तीच सगळ्यात आधी संपली, आणि जी कपाटात ठेवली, पैठणी, शालू, नथ, ती संग्रहालयात पोचली. मग पोरांना वाटतं जुन्या काळी बायका अशा नटून बसायच्या.

यात आणखी भर म्हणजे ते फायबरचे पुतळे. हल्ली "ग्रामजीवन" म्हणून जिथे तिथे बसवतात. हिरवं नऊवारी, नथ, हातभर बांगड्या, गोरा रंग, हसरा चेहरा आणि जात्यावर हात, शेजारी सेल्फी काढायला जागा. मला मनापासून विचारायचंय, पहाटे चारला नथ घालून कोण दळत होतं? मायच्या हाताला दळून दळून घट्टे पडलेत, ते अजून आहेत, तिच्या उजव्या खांद्यातून आवाज येतो. पुतळाच करायचा असेल तर तो खांदा दाखवा. नाहीतर पुतळा करूच नका, रिकाम्या घरोटाच्या दोन बाजूंना दोन पोती अंथरून ठेवा, कारण दोघी समोरासमोर बसायच्या, सासू सून नाहीतर जावा जावा, एकीने ओढायचं दुसरीने पुढे ढकलायचं आणि मधूनमधून मूठभर दाणे घरोटाच्या तोंडात टाकायचे. ती रिकामी जागा बघून पण कळतं.

आणि आवाज. घरोट म्हणजे आधी आवाज. गावात इंजिनाची चक्की आली तेव्हा बायांचे कष्ट सुटले, माय आजही म्हणते की चक्की आली तो दिवस सोन्याचा, त्यामुळे मी काही घरोटाचे गोडवे गाणार नाही. पण त्या चक्कीबरोबर ओव्या थांबल्या, कारण त्या म्हणायला जागाच उरली नाही. बाईला जे सासूला सांगता येत नव्हतं, नवऱ्याला सांगता येत नव्हतं ते ती दगडाला सांगायची. गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि त्यांचं मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे ओवी म्हणणाऱ्या बाईचं आणि गावाचं नाव सोबत नोंदवलंय. मुंबईत स्पॅरो नावाची संस्था १९८८ पासून बायांच्या तोंडून त्यांचं आयुष्य रेकॉर्ड करून ठेवते. म्हणजे हे कसं करायचं ते माहीत आहे लोकांना, हे काही आकाशातून आणायचं नाही. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर जी गाणी म्हणायच्या, गुलाबाईच्या, म्हणजे भुलाबाईच्या, महिन्यात ज्या गाण्यांत सासरचा सगळा छळ हसत हसत यायचा, श्रावणात कानबाई देवीचे रोट करताना ज्या गोष्टी चालायच्या, त्या किती रेकॉर्ड झाल्यात? ज्यांना पाठ आहेत त्या सत्तरीच्या पुढच्या आहेत. दरवर्षी काही कमी होतात.

बहिणाबाईंचं नाव आपण विद्यापीठाला दिलं, २०१८ ला, त्याचा मला फार अभिमान आहे. असोद्याची लेक, शाळेचं तोंड न बघितलेली, शेतात राबणारी, आणि तिचं बोलणं आज सगळा महाराष्ट्र वाचतो. पण ते आपल्यापर्यंत आलं कसं तर घरात लिहिणारा मुलगा होता आणि त्याला ते कागदावर उतरवावंसं वाटलं. शेजारच्या घरात असा मुलगा नव्हता. त्याच गल्लीतल्या बाकीच्या बायांकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं असं तर तुम्ही म्हणणार नाही ना? त्या शेजारच्या घरात मुलगा म्हणून कोणी जायचं, तर संग्रहालयाने.

आणि हे काम खानदेशाला नवीन नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव वणवण करून दफ्तरं शोधत होते, लोक ते कागद रद्दी म्हणून टाकून देत होते तेव्हा. १९२६ च्या शेवटच्या दिवशी ते धुळ्यात वारले आणि १९२७ पासून धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं आहे. आज तशीच रद्दी म्हणून जे चाललंय ते घराघरातलं खापर, काठवट, सूप, टोपली, आणि म्हाताऱ्या बायांच्या डोक्यातलं. पुण्याच्या केळकर संग्रहालयाचं पण मला खूप कौतुक आहे, एका माणसाने आयुष्यभर हिंडून वीस हजारांच्या वर वस्तू जमवल्या, आणि त्यात राजमुकुट नाहीत तर दिवे, अडकित्ते, टाचा घासायच्या वजऱ्या, स्वयंपाकघरातली भांडी. मी दोनदा बघितलंय. फक्त मला तिथे फिरताना सारखं वाटत राहिलं की वजरी इतकी सुंदर नक्षीची ज्या घरात असते ते घर वेगळं, आणि जिच्या टाचेच्या भेगांत काळी माती बसलेली असते तिने नदीवरच्या दगडाने टाच घासली, तो दगड कोण आणणार संग्रहालयात? मी म्हणते आणा. खरंच आणा.

आता मी सांगते मला आपल्या संग्रहालयात काय बघायचंय.

मला नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट बघायचाय. आपल्याकडच्या कुणालाही विचारा, कापूस वेचायला जाणारी बाई साडीवर तो शर्ट घालते, डोक्याला फडकं बांधते आणि कमरेला जुन्या साडीची झोळी. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटात घुसतात, नखाच्या कडेने कातडी सोलून निघते, दिवाळीत पोरी मेंदी लावतात तेव्हा तिच्या बोटांना चिरा असतात. संध्याकाळी काट्यावर वजन होतं आणि किलोवर पैसे मिळतात. खानदेशच्या कापसाचा इतिहास म्हटलं की १८६१ ते ६५ चं अमेरिकेतलं युद्ध येतं, भाव कसे चढले, रेल्वे कशी आली, जिनिंग प्रेसिंग कशा निघाल्या ते येतं, सगळं खरं आहे, पण त्यातलं एकूण एक बोंड कुणीतरी बोटाने वेचलंय ना. तो शर्ट काचेत ठेवा आणि खाली लिहा कोणाचा, कुठल्या शिवारातला, त्या वर्षी किलोला किती मिळत होते. तो एक शर्ट बघून पोरांना जे कळेल ते कापसाच्या दहा चार्टांनी कळणार नाही.

मला १९७२ च्या दुष्काळातला हातोडा आणि घमेलं बघायचंय. माय तेव्हा २१ वर्षांची होती, पोटात माझा मोठा भाऊ, आणि ती रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. लाल मिलोची, म्हणजे रेशनच्या परदेशी ज्वारीची, भाकरी आणि सुकडी यावर ते वर्ष गेलं. आज आपण ज्या रस्त्याने गाडीतून जातो त्यातले कितीतरी रस्ते त्या बायांनी फोडलेल्या खडीवर आहेत आणि रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ ला झाला त्याच्यामागे पण तेच दिवस आहेत. ही गोष्ट सांगायला एक घमेलं पुरेल.

मला शहाद्याकडच्या भिल्ल बायांची गोष्ट बघायचीय. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आदिवासींचे नेते अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या काळात जमिनीसाठी आणि मजुरीसाठी लढा चालू होता तेव्हा याच बाया दारूच्या गुत्त्यांवर चालून गेल्या, मडकी फोडली. नंदुरबारला चलेजावच्या मोर्चात पोलिसांच्या गोळीने गेलेल्या शाळकरी शिरीषकुमारचं स्मारक आहे, ९ सप्टेंबर १९४२ ची ती गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो आणि आजही अंगावर काटा येतो. पण त्याच जिल्ह्यात तीस वर्षांनी घराबाहेर पडलेल्या त्या बायांचं एक फुटकं मडकं सुद्धा कुठे ठेवलेलं मी तरी बघितलं नाही. फैजपूरला १९३६ ला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं, त्याचे फोटो आहेत, नेत्यांची नावं आहेत, आसपासच्या गावच्या बायांनी तेव्हा काय बघितलं, त्या चालत गेल्या का, परत येऊन घरी काय बोलल्या, हे सांगू शकणाऱ्या आता राहिल्याच नाहीत. निदान ७२ चा दुष्काळ सांगणाऱ्या अजून आहेत.

आणि कृपा करून सगळ्या बायांची मिळून एक "खानदेशी स्त्री" करू नका. पाण्याच्या घागरीचंच घ्या. पितळी घागर सुंदर दिसते, पण ती कोणत्या विहिरीवर भरली जायची आणि त्या विहिरीवर कोणाला चढू देत नव्हते, कोणाला खाली उभं राहून कोणीतरी वरून ओतेपर्यंत थांबावं लागायचं, ते पाटीवर आलं नाही तर ती पाटी अर्धी आहे. सातपुड्यातल्या पावरा बाईचे चांदीचे दागिने आपण "आदिवासी अलंकार" म्हणून लावतो, तिला नाव नाही, गाव नाही, आणि तीच बाई दिवाळीनंतर कोयता घेऊन गुजरातला ऊसतोडीला जाते, तो कोयता त्या दागिन्यांशेजारी का नसावा? दोन्ही तिचेच आहेत.

काही गोष्टी दाखवायला तुम्हाला अवघड वाटतील. पाळीचं कापड, जे धुऊन कुणाला दिसणार नाही अशा अंधाऱ्या जागी वाळत घालायचे. ज्या पडवीत चार दिवस बसायचं ती पडवी. दाईचा विळा. किती बाळंतपणं झाली आणि किती लेकरं राहिली याचा हिशोब, माझ्या आजीची नऊ आणि चार. हे घरातलं आहे, चारचौघांत कशाला असं म्हणणारे भेटतील. पण माझी मुलगी आता १३ वर्षांची आहे आणि तिला शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात जे एका पानात उरकतात ते तिच्या आजीने कसं काढलं हे तिला एका कापडाच्या तुकड्यासमोर उभं राहून कळावं असं मला वाटतं. तलवारीला लागलेलं रक्त आपल्याला चालतं.

काम काय करायचं ते पण सांगते. नोंदणी रजिस्टरमध्ये वस्तूचं नाव, काळ, मोजमाप, देणाऱ्याचं नाव असे रकाने असतात, त्याला तीन रकाने जोडा : वापरणारीचं नाव, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, तिच्या बोलीतलं वस्तूचं नाव, आणि ती वस्तू चालते कशी. अहिराणी, लेवा बोली, गुजरी, भिल्ली, पावरी, जिची जी असेल ती. "जाते" लिहा पण बाजूला घरोट पण लिहा. खर्च म्हणाल तर एक मोबाईल आणि जवळच्या कॉलेजची दोन मुलं पुरतात. खापरावरचे मांडे कसे करतात हे कुठल्याही पाटीवर लिहिता येत नाही, वस्त्रगाळ कणिक, आत पुरण, आणि मग तो मांडा दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत खेळवत मोठा मोठा करत नेऊन उलट्या खापरावर टाकायचा. आमच्या गल्लीत ते नीट जमणाऱ्या आता तिघी उरल्यात. खापर संग्रहालयात येईल हो, पण तो हात येणार नाही, त्याचा व्हिडिओ घ्या, आजच घ्या, आणि तो खापराशेजारी लावून ठेवा.

१८ मे ला जागतिक संग्रहालय दिन असतो. दरवर्षी शाळांच्या सहली येतात, भाषणं होतात. पुढच्या १८ मे ला एक दिवस तालुक्यातल्या सत्तरीच्या पुढच्या बायांना बोलवा, एसटी त्यांना फुकट आहे किंवा अर्ध्या तिकिटात आहे, येतील त्या. जिन्याखालच्या वस्तू मधोमध आणून ठेवा, त्यांना खुर्च्या द्या कारण गुडघे गेलेत सगळ्यांचे, चहा द्या, आणि हात लावू द्या. वॉचमन दादांना आधी सांगून ठेवा. एखादी म्हणेल हे सूप असं नाही असं धरतात, एखादी रडेल, एखादी म्हणेल हे उचला बाई मला बघवत नाही. ते सगळं लिहून घ्या. अभिरक्षक मंडळींनी खूप शिक्षण घेतलंय आणि त्याचा मी आदर करते, पण त्या दिवशी त्यांनी वही घेऊन खाली बसावं एवढी विनंती.

त्या डाळीच्या घरोटाची पाटी तेवढी बदला. आणि घरी आल्यावर माय म्हणाली की खुंटा बाभळीचा लागतो, दुसरं लाकूड लवकर झिजतं. तिच्याकडे माळ्यावर एक जुना पडलेला आहे, तिच्या सासूच्या वेळचा, तो तिथे बसेल असं तिला वाटतं. बसवायला ती स्वतः येणार म्हणते, रविवार सोडून कुठलाही दिवस चालेल. कधी येऊ ते कळवा.

आपली,
चोपडा तालुक्यातल्या एका गावची लेक, सध्या मुक्काम जळगाव